आजीचं माहेरचं नाव काय?

मैत्रिणींनो, एक विचारू? तुमच्या आजेसासूबाईंचं माहेरचं नाव तुम्हाला ठाऊक आहे का?

देवरुखच्या आमच्या आजेसासूबाई नव्वदी ओलांडून गेल्या, तेव्हा आम्ही सगळी नेरूळहून गावी गेलो. चौदा माणसांचं घर त्यांनी सांभाळलेलं. तेराव्याला जो तो त्यांच्या फणसपोळीची, कडक शिस्तीची आठवण काढत होता. तेवढ्यात माझ्या मुलीनं विचारलं, "पणजीचं माहेरचं नाव काय गं?" सगळे गप्प! जन्मभर सगळ्यांची 'काकू' असलेल्या बाईचं मूळ नाव कुणालाच सांगता येईना. पंधरा वर्षं त्यांची नातसून असून मलाही नाही. फार ओशाळले मी.

याच देवरुखची एक माहेरवाशीण म्हणजे गोदूबाई जोशी. आठव्या वर्षी लग्न आणि काही महिन्यांतच वैधव्य. पुढे भावाबरोबर त्या मुंबईला आल्या आणि १८८९ साली पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात दाखल झाल्या. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. मुरुडच्या गावकऱ्यांनी बहिष्कार घातला. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या आणि सगळ्यांच्या 'बाया'.

१८९६ साली अण्णांनी विधवांसाठी आश्रम काढला आणि आपली पाच हजारांची विम्याची पॉलिसीही त्याला देऊन टाकली. पदरी मुलं असलेल्या बाईला काय वाटलं असेल, ते आपण बायकाच जाणतो! बायांना ते रुचलं नाही. पण पुढे त्याच आश्रमासाठी त्या स्वतः वर्गणी मागत फिरल्या. अण्णांना १९५८ साली भारतरत्न मिळालं. बाया १९५० सालीच गेल्या होत्या.

मग हे सारं आपल्याला कळलं कसं? 'माझे पुराण' या बायांच्या आत्मचरित्रामुळे. ते संपादित केलं त्यांच्या सुनेनं, कावेरीबाई कर्व्यांनी. सासूचं आयुष्य सुनेनं जपलं, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याला पुस्तक काढायचं नाही. चाळीस पानी वही पुरे. मात्र "तुमचं आयुष्य सांगा" असं म्हणू नका. "आयुष्यात काय ठेवलंय सांगण्यासारखं!" म्हणून त्या उठून जातील. लसूण सोलताना, मेथी निवडताना सहज एखादा प्रश्न टाका. पहिलं बाळंतपण कुठं झालं? लग्नात कुठलं लुगडं होतं? पहिल्यांदा स्वतःच्या हातात पैसे कधी आले? त्या सांगतील ते त्यांच्याच शब्दांत लिहा. हवं तर मोबाईलवर आवाज भरून घ्या. पण आधी विचारा हं! एखादी आठवण नको म्हणाल्या, तर सोडून द्या. लिहिलेलं त्यांना वाचून दाखवा. चुकलेलं त्या बरोबर दुरुस्त करतात.

मी सासूबाईंपासून सुरुवात केलीय. पहिल्याच पानावर त्यांचं माहेरचं नाव लिहिलंय. ते सांगताना त्या चक्क लाजल्या! कितीतरी वर्षांत त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.