खेळायची नियत

राणीसावरगावात एका हॉटेलात मॅच चालू होती. बिस्किटांच्या बरणीला टेकवलेला मोबाईल, भोवती सात-आठ डोकी. सलामीचा गडी चेंडूमागून चेंडू सोडत होता. आणखी एक षटक कोरडं गेलं, तसं शेजारच्या म्हाताऱ्यानं चहाची बशी खाली ठेवली. "ह्येची नियतच न्हाई खेळायची." बाकीच्यांनी माना हलवल्या.

अशी शंका आखाड्यातही घेतली जाते. जत्रेत दोन पैलवान नुसती खडाखडी करत राहिले की कडेचे लोक आरडाओरडा करतात, नुरा कुस्तीचा, म्हणजे आधीच ठरवून खेळल्याचा संशय घेतात. आता फ्रीस्टाइल कुस्तीत त्यावर नियमच आहे. सुस्त पैलवानाला पंच आधी ताकीद देतात, मग 30 सेकंदांची मुदत. तेवढ्यात गुण मिळवला नाही, तर समोरच्याला एक गुण. पंच मनात डोकावत नाहीत, हालचाल मोजतात. क्रिकेटच्या प्रेक्षकाकडे असं माप नाही, म्हणून तो थेट मनावर बोट ठेवतो.

सुनील गावसकरांइतकं हे फार थोड्यांच्या वाट्याला आलं असेल. 7 जून 1975, लॉर्ड्स, पहिल्या विश्वचषकाचा पहिला दिवस. इंग्लंडने 60 षटकांत 4 बाद 334 केल्या. उत्तरादाखल गावसकर पूर्ण 60 षटकं खेळले आणि 174 चेंडूंत नाबाद 36 वर परतले. चौकार एकच. भारत 3 बाद 132, म्हणजे हार 202 धावांनी. हातात सात गडी शिल्लक! चिडलेले प्रेक्षक मैदानात घुसले, व्यवस्थापक रामचंदही भडकले. आपल्याला त्या दिवशी ना फटके जमत होते, ना बाद होता येत होतं, असं गावसकरांचं म्हणणं. सुरुवातीलाच चेंडू बॅटची कड घेऊन गेला होता, कुणी अपील केलं नाही. तेव्हाच चालू लागायला हवं होतं, ही खंत त्यांनी पुढे बोलून दाखवली. मला हे खरं वाटतं. पण त्या खेळीवरचा राग चुकीचा होता, असं मात्र मी म्हणणार नाही. तिकीट काढून आलेल्या माणसाला जिंकायचा प्रयत्न तरी दिसायला हवा होता.

कोलकात्याचं प्रकरण याहून वाईट. इंग्लंडविरुद्धची ती कसोटी 1984 च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. गावसकर कर्णधार. आदल्या दिल्ली कसोटीतला बेजबाबदार फटका भोवून कपिल देव संघाबाहेर, आणि भारताचा पहिला डाव रेंगाळत चौथ्या दिवसापर्यंत गेलेला. ईडन गार्डन्सवर हायहाय झाली, फळं फेकली गेली. म्हणजे एकाच मालिकेत एकाची नियत उतावीळपणामुळे खोटी ठरली आणि दुसऱ्याची संथपणामुळे.

मग 31 ऑक्टोबर 1987, नागपूर. विश्वचषकात गटात पहिलं येण्यासाठी न्यूझीलंडच्या 221 धावा झपाट्याने पार करायच्या होत्या. अंगात ताप असताना गावसकरांनी 88 चेंडूंत नाबाद 103 केल्या आणि 33 व्या षटकातच सामना संपवला. एकदिवसीय सामने 108, त्यांतलं हे एकुलतं शतक. लॉर्ड्सवरचा माणूसही हाच.

डिसेंबर 2024 मध्ये मेलबर्नला ऋषभ पंत आडवातिडवा फटका मारून बाद झाला, तेव्हा समालोचनाच्या खुर्चीतून गावसकरांनीच त्या फटक्याला मूर्खपणा म्हटलं. बोलणं कडक होतं, पण रोख फटक्यावर होता. पंतला खेळायचंच नाही, असं काही ते म्हणाले नाहीत. मला टीका हवी ती अशी. धावगती काढा, चुकलेला फटका धरा, कर्णधाराला जाब विचारा, हवं तर शिव्याही द्या. पण बॅट जमिनीवर टेकवून उभ्या असलेल्या माणसाच्या पोटात काय चाललंय, हे मोबाईलच्या पडद्यावर दिसत नाही.

त्या हायहायनंतर ईडन गार्डन्सवर पुन्हा कसोटी खेळायला गावसकरांनी नकार दिला आणि 1987 मध्ये तिथे झालेल्या पाकिस्तानविरुद्धच्या सामन्यात ते उतरले नाहीत. त्याआधी ते सलग 106 कसोटी सामने खेळले होते, एकही न चुकवता.