रुपया पडण्याआधीचे आकडे

२२ मे २०१३. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे तेव्हाचे अध्यक्ष बेन बर्नान्की वॉशिंग्टनमध्ये संसदीय समितीपुढे साक्ष देत होते. दरमहा ८५ अब्ज डॉलरची रोखेखरेदी पुढच्या काही बैठकांत कमी होऊ शकते, एवढंच ते म्हणाले. तेव्हा डॉलर ५५-५६ रुपयांना होता. २८ ऑगस्टला तो ६८.८५ वर गेला.

अमेरिकेमुळे रुपया पडला, असं त्या दिवसांत सर्रास बोललं जायचं. मला ते अर्धंच खरं वाटतं. इशारा साऱ्या जगाने ऐकला, पण जबर फटका बसला तो भारत, ब्राझील, इंडोनेशिया, तुर्कस्तान, दक्षिण आफ्रिका अशा तुटीच्या देशांना. आपली चालू खात्यावरील तूट ऑक्टोबर-डिसेंबर २०१२ च्या तिमाहीत जीडीपीच्या ६.७ टक्क्यांवर गेल्याचं रिझर्व्ह बँकेने मार्चअखेरच जाहीर केलं होतं. तेल आणि सोन्यासाठी डॉलर भराभर बाहेर जात होते आणि ती तूट परदेशी गुंतवणूकदारांच्या पैशावर भागत होती. तिकडे व्याज वाढणार म्हटल्यावर हा पैसा परत निघणारच. चलनाचं मूलभूत विश्लेषण म्हणजे मुख्यतः हेच पाहणं: देशात डॉलर कुठून येतात, कशासाठी जातात आणि आलेले किती टिकतील.

मग मार्चमध्येच डॉलर घेऊन ठेवायला हवे होते का? इथे खरी अडचण आहे. आकडा जाहीर झाल्यावरही जवळपास दोन महिने रुपया ५४-५५ च्या आसपासच राहिला. वायदेबाजारात डॉलर घेणाऱ्याला दोन देशांच्या व्याजदरांतल्या फरकाइतका प्रीमियम मोजावा लागतो. तो वर्षाला सहा टक्के धरला, तर भाव जागचा हलला नाही तरी महिन्याला अर्धा टक्का गेला. रुपया कुठे कच्चा आहे हे आकडे दाखवतात. तो कधी पडेल, ते दाखवत नाहीत.

उलट चूक ऑगस्टअखेर झाली. ६८ च्या भावात डॉलर घेणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जुनीच तूट होती. तोवर सोन्यावरचं आयात शुल्क सहावरून आठ आणि मग दहा टक्के झालं होतं. आयात सोन्याचा पाचवा हिस्सा निर्यातीसाठी राखणं जुलैपासून बंधनकारक होतं. ४ सप्टेंबरला रघुराम राजन गव्हर्नर झाले. अनिवासी भारतीयांच्या डॉलर ठेवींसाठी बँकांना साडेतीन टक्के दराने अदलाबदलीची सोय मिळाली. त्यातून आणि बँकांच्या परदेशी कर्जातून नोव्हेंबरअखेर सुमारे ३४ अब्ज डॉलर आले. ऑक्टोबरात रुपया ६१-६२ वर होता. २०१२-१३ मधली ४.८ टक्क्यांची तूट पुढच्या वर्षी १.७ टक्क्यांवर आली. म्हणूनच तूट किती आहे यापेक्षा ती कुठल्या दिशेला सरकते आहे, हे मी आधी पाहतो.

३ मे २०२४ पासून शेअर बाजारातले रुपयाचे वायदे ज्याला खरोखर चलनाची जोखीम आहे, त्यालाच करता येतात. निव्वळ सट्ट्याला जागा उरली नाही आणि हे योग्यच झालं, कारण या अभ्यासाची खरी गरज धंदा करणाऱ्याला आहे. नाशिकचा द्राक्ष निर्यातदार घ्या. माल युरोपात जातो, पैसे युरोत येतात. युरोचा रुपयातला भाव युरो-डॉलर आणि डॉलर-रुपया या दोन दरांच्या गुणाकारातून निघतो. त्यामुळे रिझर्व्ह बँकेच्या पतधोरणाइतकंच फ्रँकफर्टच्या युरोपीय मध्यवर्ती बँकेकडेही त्याला लक्ष ठेवावं लागतं, तेही हंगाम सुरू होण्याआधी, भाव ठरवतानाच.