जुन्या रोल्स-रॉइसचा डॅशबोर्ड : मूळ पॉलिश राखायचं कसं?

मंडळी, आज गाडीच्या आत बसूया. उदाहरण घेऊ रोल्स-रॉइस सिल्व्हर शॅडोचं. ही गाडी १९६५ ते १९८० या काळात इंग्लंडमधल्या क्रू इथे तयार झाली. असली गाडी आमच्याकडे आली, की मालकाचं पहिलं वाक्य ठरलेलं : ‘डॅशबोर्ड आरशासारखा चमकवून द्या.’ आम्ही म्हणतो, थांबा.

समोर दिसतं ते भरीव अक्रोडाचं लाकूड नव्हे. खाली प्लायवूड आणि वर अक्रोडाचा पातळ पापुद्रा, म्हणजे व्हिनियर. जाडी जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर. एकाच ओंडक्यातून लागोपाठ कापलेले दोन पापुद्रे पुस्तक उघडावं तसे शेजारी मांडतात. म्हणून डावीकडची नक्षी उजवीकडे उलटी दिसते. यातली एक बाजू गेली, की जोडी मोडली. नवा पापुद्रा बाजारात मिळेल हो, पण तीच नक्षी कुठून आणणार?

आम्ही हे नुकसान करून शिकलो. ग्लव्हबॉक्सच्या झाकणाच्या कडेला पॉलिश पेपर दोन हात जास्त फिरला आणि खालचं फिकट लाकूड उघडं पडलं. रंग भरून झाकलं, पण मालकाला खरं सांगावं लागलं.

म्हणून आधी वरचा थर ओळखायचा. गाडीच्या सालावरून अंदाज बांधू नका, मधे कुणीतरी हात मारलेला असतोच. पॅनल सोडवून मागे वळलेल्या कडेवर, कुणाला दिसणार नाही अशा जागी, कापसाने थोडं स्पिरिट लावा. थर चटकन विरघळला तर ते लाखेचं पॉलिश. स्पिरिटने फारसं काही झालं नाही, पण थिनरने चिकट झालं, तर सेल्युलोज लॅकर. दोन्हींना दाद देत नसेल तर पॉलिएस्टर किंवा तत्सम कडक थर. तो उतरवणं जिकिरीचं, आणि पापुद्रा फाटण्याची भीती तिथेच सगळ्यात जास्त.

सेल्युलोज असेल तर निम्मी काळजी मिटली. हा थर वाळल्यावरही आपल्या थिनरमध्ये पुन्हा मऊ होतो. त्यामुळे बारीक भेगा असल्या, तरी पापुद्रा शाबूत असेल तर सगळं खरवडायची गरज नसते. थिनरचा हलका फवारा मारला, की जुना थर थोडा वितळून सांधला जातो. फक्त हे काम पावसाळ्यात काढू नका. थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो, हवेतली वाफ त्यावर बसते आणि लॅकर दुधाळ पडतं. मुंबईतल्या जुलैत तर विचारूच नका!

राहिला रंग. उन्हाने अक्रोड फिकट होतो, वरचं लॅकर मात्र पिवळं पडतं, त्यामुळे दिसणारा रंग फसवतो. मूळ रंग पाहायचा तर घड्याळांच्या चौकटीखाली झाकलेली पट्टी बघा, तिथे ऊन पोचलेलं नसतं. पण एकच पॅनल दुरुस्त करायचं असेल, तर आम्ही त्या पट्टीचा रंग धरत नाही. शेजारच्या विटलेल्या पॅनलशी जुळवतो. मालक कधीकधी नाराज होतात. मग आम्ही ते पॅनल गाडीत बसवून, दार उघडं ठेवून, त्यांना दिवसाउजेडी दाखवतो.