आई-वडिलांचं करायचं कुणी?

लग्न जमवताना, हॉस्पिटलच्या बाकावर, भिशीत एक तक्रार हमखास निघते: 'आजकालच्या सुनांना म्हाताऱ्यांचं करायला नको.' हे काम सुनेचंच आणि कायदाही तिलाच धरतो, असं बोलणाऱ्यानं गृहीत धरलेलं असतं. कायदा तसं म्हणत नाही. आई-वडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा २००७ चा कायदा मुलगा, मुलगी, नातू आणि नात यांना अपत्य मानतो. सून त्यात नाही, जावईही नाही. दोघांना आत आणणारं विधेयक २०१९ मध्ये संसदेत मांडलं गेलं, पण त्याचा कायदा झाला नाही.

'मुलगी दिल्या घरची' हेही असंच. कल्याणच्या एका डॉक्टर मुलीविरुद्ध तिच्या वडिलांनी पोटगीचा दावा केला होता. लग्न झालेल्या, स्वतःचं पुरेसं उत्पन्न असलेल्या मुलीवरही आई-वडिलांची जबाबदारी येते, असा निकाल सुप्रीम कोर्टानं त्यात १९८७ मध्ये दिला.

पण पोटगी म्हणजे पैसे, आणि पैशांनी रात्र भागत नाही. अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, नाहीतर माकडहाडावर, टाचांवर जखमा होतात. डायपर बदलायचं, नळीतून भरवायचं, लघवीची पिशवी रिकामी करायची, पहाटेची गोळी चुकवायची नाही. हे बहुतेक घरांत बाईच्याच वाट्याला येतं. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरच्यांची, लहान मुलं धरून, काळजी घेत होत्या, पुरुष २१.४ टक्के. जिच्यावर 'नको' म्हणाल्याचा ठपका आहे, ती पिढी करतेच आहे. तिला खुपतं ते तिला न विचारता ठरवलं जाणं.

'पूर्वी सगळे हौसेनं करायचे' म्हणणाऱ्यांनी तेव्हा घरात किती हात होते तेही आठवावं. जावा, धाकटी सून, लग्न न झालेली आत्या. हौस आहे का, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. महाराष्ट्रातला जननदर १९९२-९३ च्या पाहणीत जवळपास तीन होता, २०१९-२१ मध्ये १.७ वर आला. एकुलती एक मुलगी आणि एकुलता एक मुलगा यांनी लग्न केलं, की दोघांवर चार वडीलधारी. त्यात पक्षाघात किंवा डिमेन्शिया असेल तर करणं वर्षानुवर्षं चालतं.

म्हणून ब्यूरोची बाई लावणं म्हणजे जबाबदारी झटकणं, हे मला अजिबात पटत नाही. त्या मावशींची पाळी बारा तासांची. उरलेले बारा तास, त्यांची सुट्टी आणि डॉक्टरांच्या खेपा घरच्यांकडेच राहतात.

स्वतःची ओळख जपू पाहणारी बाई स्वार्थी ठरवली जाते, ते मात्र सगळ्यात अन्यायाचं. बँकेत किंवा शाळेत वीस-पंचवीस वर्षं काम केलेल्या बाईनं सासूबाईंसाठी स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर पगार, पेन्शनमधली वाढ आणि कामातला मान एकदमच जातो. नवऱ्यानं ती घ्यावी, असं घरात सुचवलंही जात नाही. केंद्र सरकारच्या महिला कर्मचाऱ्यांना आणि एकल पालक असलेल्या पुरुषांना मुलांच्या संगोपनासाठी संपूर्ण नोकरीत ७३० दिवसांची रजा मिळते. आई-वडिलांसाठी तशी वेगळी रजा नाही, अर्जित रजेतून दिवस काढावे लागतात. ती रजा मिळाली आणि मुलग्यांनीही घेतली, तर अनेक राजीनामे टळतील.