बँडसॉचे पाते भरकटते तेव्हा...

सागवानाची फळी पेन्सिलच्या रेघेवर नीट धरलेली असते, हातही स्थिर असतो. तरीही बँडसॉचे पाते रेघ सोडून हळूहळू एका बाजूला सरकते आणि महागाची फळी वाया जाते. अशा वेळी बहुतेक जण पाना उचलून पात्याच्या दोन्ही बाजूंचे गाइड आवळतात. नेमकी तेथेच चूक होते.

रे रोडच्या किंवा पुण्याच्या टिंबर मार्केटमध्ये ओंडके फाडणारी अवाढव्य यंत्रे वेगळी. येथे विचार आहे तो फर्निचरच्या कारखान्यातील छोट्या बँडसॉचा. दोन चाकांवर फिरणाऱ्या पोलादी पट्टीची ही कल्पना जुनी आहे. ब्रिटनमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी तिचे पेटंट १८०८ मध्येच घेतले होते. मात्र पट्टीचा सांधा टिकत नसे. फ्रान्सच्या अ‍ॅन पोलिन क्रेपँ यांनी १८४६ मध्ये सांधा जोडण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले आणि पुढे हे यंत्र व्यवहारात रुळले.

पातळ पट्टी लाकडाच्या दाबाने मागे ढकलली जाते, पीळही खाते. तेवढ्यापुरता तिला आधार देणे हेच गाइडचे काम. टेबलाच्या वर एक संच आणि खाली एक. प्रत्येकात दोन्ही बाजूंना ठोकळे किंवा बेअरिंग असतात आणि पाठीमागे एक बेअरिंग. यंत्र मोकळे फिरत असताना यांपैकी कशाचाही पात्याला स्पर्श होता कामा नये. सतत घासणारे पाते तापते आणि कालांतराने तडकते.

म्हणून प्लग काढल्यावर आधी सर्व गाइड दूर सारायचे. मग पात्याला योग्य ताण द्यायचा आणि वरचे चाक हाताने फिरवून पाते चाकावर एकाच जागी धावते ना, हे पाहायचे. चाकावरच भटकणारे पाते गाइडने सरळ होत नाही. यानंतर पाठीमागचे बेअरिंग पात्यापासून व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढे मागे ठेवावे. बाजूच्या गाइडसाठी साध्या झेरॉक्स कागदाची पट्टी पुरते. तिची जाडी सुमारे ०.१ मि.मी. असते. ती दोन्ही बाजूंना अडकवून गाइड हलकेच टेकवावेत, स्क्रू आवळावेत आणि कागद ओढून काढावा. गाइडची पुढची कड दात्यांमधील खाचेच्या किंचित मागेच हवी. कारण दाते आळीपाळीने डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. ते ठोकळ्यावर घासले, तर पाते काही क्षणांत निकामी होते. सांध्याची जागा गाइडमधून जाईपर्यंत चाक पुन्हा हाताने फिरवावे.

वरचा संच लाकडापासून पाव इंचावर, सुतारांच्या भाषेत दोन सुतांवर, आणावा. त्यामुळे पात्याला आधार मिळतो आणि उघडे दाते बोटांपासून झाकले जातात. घाईत हाच संच उंच राहून जातो. टेबलाखालचा संच तर भुशाने भरून गेला तरी कुणी पाहत नाही.

एवढे करूनही पाते एकाच बाजूला ओढत असेल, तर बहुधा त्या पात्याचे एका बाजूचे दाते बोथट झालेले असतात. नवे पाते चढवले की गाइड पुन्हा दूर सारून सारे पहिल्यापासून करावे लागते.