आधी पाणी, मग वाट

झायन राष्ट्रीय उद्यानात जायचं ठरलं की मी सगळ्यात आधी नदीचा आकडा बघते. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्याचं एक मापन केंद्र यूटा राज्यातल्या स्प्रिंगडेल गावाजवळ, व्हर्जिन नदीच्या उत्तर फाट्यावर आहे. सेकंदाला किती घनफूट पाणी वाहतंय याची नोंद तिथे सतत होत असते आणि ती घरबसल्या पाहता येते. हा आकडा १५० च्या वर गेला की ‘नॅरोज’ बंद. नॅरोज म्हणजे झायनमधली, नदीच्या पात्रातूनच चालायची वाट. दोन्ही बाजूंना हजार फुटांचे कडे आणि मधली जागा काही ठिकाणी जेमतेम वीस-तीस फुटांची. १५० घनफूट म्हणजे सेकंदाला सव्वाचार हजार लिटर. एवढं पाणी गुडघ्या-मांड्यांवर आदळत असताना गोट्यांवर पाय ठरत नाही.

सह्याद्रीत वाढलेल्या माणसाला हे उलटं वाटतं. आपण गड निवडतो, वाट विचारतो, पायथ्याच्या गावात मुक्काम ठरवतो आणि पाण्याचं नंतर बघतो. लाल खडकांच्या या वाळवंटात पाणी फार थोडं आहे. पण कोणत्या महिन्यात जायचं, किती चालायचं, कुठून परत फिरायचं, हे सगळं तेच ठरवतं. म्हणून आमच्या आखणीचा कागद पाण्यापासून सुरू होतो.

पहिला प्रश्न महिन्याचा. वसंतात वरच्या पठारांवरचं बर्फ वितळतं, नदी फुगते आणि नॅरोज अनेकदा कित्येक आठवडे बंद राहते. भर उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. जुलैच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत तिथला मॉन्सून. त्यालाही मॉन्सूनच म्हणतात, पण आपल्यासारखी झड लागत नाही. दुपारी ढग चढतात, एका ठिकाणी तासभर धो धो कोसळतात आणि निघून जातात. ऑक्टोबरात हे थांबलेलं असतं, नदी उतरलेली असते, ऊन सोसवतं. पुण्याचे मामा-मामी आमच्याकडे कॅलिफोर्नियात यायचे होते, तेव्हा मी ऑक्टोबरच धरला. दिवस आखूड होतो आणि नदीचं पाणी गार पडलेलं असतं, या दोन गोष्टींची मात्र सोय करावी लागते. स्प्रिंगडेलमध्ये निओप्रीनचे मोजे, पाण्यात चालायचे बूट आणि उंच लाकडी काठी भाड्याने मिळते. काठी जरूर घ्यावी. गढूळ पाण्यात पुढचं पाऊल टाकण्याआधी तळ तीच सांगते.

दुसरा विचार खडकाचा. आपला काळा कातळ लाव्ह्याचा, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. झायनचे उभे कडे आहेत नवाहो वालुकाश्माचे. अठरा-एकोणीस कोटी वर्षांपूर्वी तिथे वाळूच्या टेकड्यांचं अफाट वाळवंट होतं. त्या टेकड्या गाडल्या गेल्या, घट्ट झाल्या, आणि लोहाच्या ऑक्साइडनं त्यांना हा लाल रंग दिला. वाऱ्यानं वाळू कोणत्या दिशेनं लोटली, ते खडकातल्या तिरक्या रेघांत अजून दिसतं. हात लावला की बोटांना वाळूचे कण चिकटतात. कोरड्या कातळावर बुटांची पकड सुंदर बसते. पण त्यावर सुटी रेती सांडलेली असली की तोच कातळ घसरडा होतो, आणि भिजला की वालुकाश्म आतून कमजोर पडतो. तिथले प्रस्तरारोहक पाऊस पडून गेल्यावर खडक नीट वाळेपर्यंत चढाई करत नाहीत, ते याचसाठी.

उघड्या कातळावर पडलेलं पाणी थांबत नाही. माती कमी, झाडोरा विरळ, म्हणून ते सरळ घळींमध्ये उतरतं. सांदण दरी पाहिलेल्यांना घळीतल्या पाण्याची भीती समजावून सांगावी लागत नाही. पावसाळ्यात तिथे उतरायचं नसतं, हे जवळच्या साम्रद गावचं पोरही सांगेल. झायनमध्ये फरक एवढाच की पाऊस डोक्यावर पडायलाच हवा असं नाही. तो कित्येक मैल दूर पठारावर पडतो, आणि तुमच्या माथ्यावर निळं आकाश असताना घळीत लोंढा येतो. १४ सप्टेंबर २०१५ रोजी झायनच्या कीहोल कॅन्यनमध्ये अशाच लोंढ्यात सात जणांचा जीव गेला. त्यामुळे निघायच्या आदल्या संध्याकाळी आणि पुन्हा सकाळी, असं दोनदा हवामान खात्याचं घळींसाठीचं पुराचं अनुमान मी वाचते. त्याच्या चार पायऱ्या असतात: पूर अपेक्षित नाही, शक्य आहे, संभवतो, येणार. आमच्या घरचा नियम असा की ‘शक्य आहे’ दिसलं तरी घळ रद्द. यावर घळीच्या तोंडाशी उभं राहून चर्चा करायची नाही. ती घरी, जेवणाच्या टेबलावर संपवायची, कारण तिथे पोचल्यावर आलो आहोत तर जाऊ या, असंच सगळ्यांना वाटतं.

आता प्यायचं पाणी. फोनवर मामा म्हणाले, “अगं, माणशी चार लिटर कशाला? दोन बाटल्यांत आम्ही रतनगड करतो.” मी म्हटलं, “मामा, रतनगडावर टाकी आहेत. इथे खालून नेलं तेवढंच पाणी प्यायचं.” नदी शेजारून वाहत असली तरी तिच्यात सायनोबॅक्टेरियाची विषं सापडली आहेत आणि ती नेहमीच्या फिल्टरनं निघत नाहीत. दुसरी गोष्ट घामाची. सह्याद्रीत शर्ट पिळून निघतो, म्हणून पाणी जातंय हे कळतं. इथल्या कोरड्या हवेत घाम आल्याबरोबर उडून जातो. कातडी कोरडी राहते आणि शरीर मात्र रिकामं होत जातं. तहान लागायच्या आधीपासून घोट घोट घ्यावं लागतं. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, कारण त्यानं रक्तातलं मीठ पातळ होतं. मामींनी आणलेलं भडंग, खारे दाणे आणि ओआरएसच्या पुड्या म्हणून मी पाण्याच्या हिशेबातच धरल्या.

निघायच्या आदल्या रात्री सगळ्यांच्या सॅक न्हाणीघरातल्या वजनकाट्यावर चढतात. एक लिटर म्हणजे एक किलो, त्यात सवलत नाही. चार लिटर आत गेलं की उरलेल्या प्रत्येक वस्तूला उत्तर द्यावं लागतं. जादा जीन्स बाहेर, मोठा कॅमेरा बाहेर, हेडटॉर्च आत, वाऱ्याचं जॅकेट आत. पाणी मात्र कमी करायचं नाही. मामांनी सॅक पाठीवर घेऊन जिना दोनदा चढ-उतर केला, पट्टे आवळले आणि मग कुरकुर थांबवली.

परवान्याचं काम याच्या कितीतरी आधीचं. झायनमधल्या एंजल्स लँडिंग या कड्याची वाट १९२६ मध्ये बांधली. एकवीस तीव्र वळणांचा ‘वॉल्टर्स विगल्स’ हा टप्पा चढून स्काउट लुकआउटला पोचलं, की पुढे अरुंद धारेवरून साखळ्या धरून जायचं. गर्दीमुळे १ एप्रिल २०२२ पासून त्या साखळीच्या टप्प्याला परवाना लागतो आणि तो सोडतीनं मिळतो. सप्टेंबर ते नोव्हेंबरसाठीचे अर्ज जुलैच्या १ ते २० तारखांत भरायचे. एका अर्जावर सहा जण. नाव लागलं नाही तर आदल्या दिवशी आणखी एक सोडत असते. दुपारी तीनपर्यंत अर्ज, चारला निकाल. विमानाची तिकिटं काढल्यावर हे वाचणारे बरेच भेटतात. तिकिटं आणि अर्ज एकाच बैठकीत व्हायला हवेत.

मामींना साखळीवर जायचंच नव्हतं. त्यांच्यासाठी मी वेगळा दिवस आखला: नदीकाठचा पॅरस ट्रेल, जो व्हीलचेअरही जाईल इतका सपाट आहे, आणि जिथून नॅरोज सुरू होते तिथपर्यंतचा रिव्हरसाइड वॉक, जाऊन-येऊन साधारण साडेतीन किलोमीटर. एका गटात एकच वाट सगळ्यांवर लादली की कोणीतरी मूकपणे सोसत राहतं, आणि वाळवंटात असं सोसणं महागात पडतं.

मग वेळापत्रक. लास वेगासहून झायन अडीच तासांवर आहे, पण यूटाची हद्द ओलांडली की घड्याळ एक तास पुढे जातं. शटल बस चालू असते त्या महिन्यांत खोऱ्यातल्या मुख्य रस्त्यावर खासगी गाडी नेता येत नाही. पहिली बस गाठली तर सावलीत चढ होतो. शेवटची चुकली तर काळोखात डांबरी रस्ता तुडवायचा. म्हणून कागदावर पोचायच्या वेळेपेक्षा परत फिरायची वेळ मी मोठ्या अक्षरात लिहिते. नॅरोजमध्ये तर ठरावीक शेवट नसतो. पुढच्या वळणापलीकडे काय आहे, ही ओढ संपत नाही, आणि जितकं आत जाल तितकंच पाण्यातून परत यायचं असतं. आम्ही दुपारी एक ही वेळ धरली होती. एक वाजला तेव्हा कडे अगदी जवळ आलेले होते आणि मामांना आणखी थोडं पुढे जायचं होतं. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि तेच आधी वळले. या कागदाची प्रत घरी राहणाऱ्या माणसाकडे असते. अमुक वाजेपर्यंत फोन आला नाही तर कुणाला कळवायचं, तेही त्यावर असतं, कारण खोऱ्यात फोनला रेंज मिळेल असं गृहीत धरता येत नाही.

महाराष्ट्रातून पहिल्यांदा येणाऱ्यांना मी एक गोष्ट आग्रहानं सांगते. एवढ्या लांबून यायचं म्हणून चार दिवसांत झायन, ब्राइस, आर्चेस आणि ग्रँड कॅन्यन कोंबू नका. एक जागा कमी करा आणि एक दिवस मोकळा ठेवा. नदीचा आकडा उतरायला तो दिवस लागतो, भिजलेला वालुकाश्म वाळायला लागतो, आदल्या दिवशीच्या सोडतीत पुन्हा नाव घालायला लागतो. पुराचं अनुमान वाईट आलं तर घळ सोडून दुसरीकडे जायची मोकळीक त्यानंच मिळते. ज्याच्याकडे तो दिवस नाही, त्याला नको त्या वेळी पुढे जाण्याचा मोह होतो. आखणीत पैसे वाचवायला सगळ्यात आधी हाच दिवस कापला जातो. तो कापू नका.