बेटेगावहून ठाण्याच्या किल्ल्यापर्यंत

पालघर जिल्ह्याच्या पहिल्या दहा वर्षांचा हिशेब मांडला की ठरलेली नावे पुढे येतात. 1 ऑगस्ट 2014 ला ठाण्यातून जिल्हा वेगळा झाला. 2021 मध्ये कोळगावला सिडकोने बांधलेले मुख्यालय सुरू झाले. 30 ऑगस्ट 2024 ला वाढवण बंदराचे भूमिपूजन झाले आणि बेटेगाव-मान परिसरात बुलेट ट्रेनच्या बोईसर स्थानकाचे काम चालू आहे. या हिशेबात एक माणूस कुठेच नसतो. बोईसर, मनोर किंवा कासा पोलीस ठाण्यात अटक झालेला, कोठडीची मुदत संपलेला आणि न्यायबंदी म्हणून गाडीत बसवलेला. त्याच्यासाठी जिल्हा वेगळा झालाच नाही. तो पूर्वी ठाण्याला जायचा, या दहा वर्षांतही ठाण्यालाच गेला. तिथे जागा नसली तर कल्याणला आधारवाडीत, नाहीतर तळोज्याला.

ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह म्हणजे जुना किल्ला. 1816 मध्ये त्रिंबकजी डेंगळे इथूनच निसटले, 1910 च्या एप्रिलमध्ये अनंत कान्हेरे आणि त्यांच्या दोन साथीदारांना इथेच फाशी झाली. शाळेच्या सहलींना हा इतिहास सांगितला जातो आणि तो सांगायलाच हवा. पुढचा मोठा काळ मात्र अहवालांचा आहे. तुरुंगांचा कायदा 1894 चा. 1983 मध्ये मुल्ला समितीने सुधारणांचा जाडजूड अहवाल दिला. त्याच वर्षी पत्रकार शीला बारसे यांच्या पत्राची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील महिलांसाठी निर्देश दिले. नंतर बैठका झाल्या, शिफारशी झाल्या, फायली फिरल्या.

खरा मागोवा घ्यायचा तो 2014 नंतरच्या दशकाचा.

त्याची सुरुवात एका खोट्याच्या कबुलीने झाली, आणि त्या खोट्याचा राग धरायलाच हवा. मार्च 2015 मध्ये जयपूरच्या एका परिषदेत सरकारी वकील उज्ज्वल निकम यांनी स्वतःच सांगितले की 26/11 च्या हल्ल्यातल्या कसाबने बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूती वाढू नये म्हणून ती गोष्ट आपण रचली होती. कबुली एक दिवस छापून आली, बिर्याणी मात्र लोकांच्या तोंडी कायमची बसली. बराकीत पंखा असावा, संडासाला दार असावे, आजारी माणसाला वेळेवर दवाखान्यात न्यावे, एवढे म्हटले तरी समोरून तीच बिर्याणी फेकली जाते. या एका वाक्याने महाराष्ट्रातल्या तुरुंग सुधारणेचे जेवढे नुकसान केले, तेवढे क्वचितच कशाने केले असेल.

तुरुंगातले खरे जेवण काय असते ते जून 2017 मध्ये भायखळ्याच्या महिला कारागृहात दिसले. मंजुळा शेट्ये या शिक्षा भोगणाऱ्या महिलेकडे बराकीची देखरेख होती. सकाळच्या शिध्यात दोन अंडी आणि पाच पाव कमी पडले, तिने हिशेब विचारला, आणि तिला इतके मारले की ती मेली, असा आरोप झाला. कारागृहाच्या सहा कर्मचाऱ्यांना अटक झाली. दोन अंडी आणि पाच पाव. राज्यभर बिर्याणीची चर्चा चालू असताना हिशेब एवढ्याचा होता.

नेते आत गेले की तुरुंग बातमीत येतो. या दशकात आर्थर रोडने माजी उपमुख्यमंत्रीही पाहिले, माजी गृहमंत्रीही. बातमी त्यांच्या गादीची आणि घरच्या डब्याची झाली. शेजारच्या बराकीत माणसे कुशीवर कशी झोपतात, एकाने कूस बदलली की ओळीतल्या सगळ्यांना का बदलावी लागते, ते कुणी विचारले नाही.

पालघरला हे सगळे घराच्या ओटीवर आले ते एप्रिल 2020 मध्ये. डहाणू तालुक्यातल्या गडचिंचले गावात 16 तारखेच्या रात्री जमावाने दोन साधू आणि त्यांचा चालक यांना ठार केले. गुन्हा भीषण होता, त्यात कसलेही पण-परंतु नाही. पहिल्या काही दिवसांतच शंभरावर माणसे धरली गेली, बहुतेक आदिवासी पाड्यांवरची. देशभर टाळेबंदी, एसटी बंद, लोकल बंद. वाहिन्यांवर रोज आरडाओरडा चालला होता. आणि पाड्यांवरच्या बायांना आपला नवरा नेमका कुठल्या कोठडीत आहे, एवढेही कळायला मार्ग नव्हता. जानेवारी 2021 मध्ये ठाण्याच्या विशेष न्यायालयाने एकाच दिवशी 89 जणांना जामीन दिला. त्यांत दोषी कोण, निर्दोष कोण, हे खटला ठरवेल. पण नऊ महिन्यांची कोठडी तोवर भोगून झाली होती. ती परत घेता येत नाही.

त्याच 2020 च्या मे महिन्यात आर्थर रोडमध्ये करोना शिरला. आठशेच्या आसपास क्षमता, आत त्याच्या तिपटीने माणसे. न्यायमूर्ती सय्यद यांच्या अध्यक्षतेखालच्या उच्चाधिकार समितीने निकष ठरवले आणि राज्यभरातून सुमारे 10 हजार कैदी तात्पुरते सोडले गेले. वर्षानुवर्षे जे अशक्य म्हणून सांगितले जात होते, ते काही आठवड्यांत झाले. साथ ओसरली आणि बराकी पुन्हा भरल्या. 2022 अखेर राज्यातल्या कैद्यांची संख्या 40 हजारांच्या पुढे गेली होती. देशभरात दर चार कैद्यांमागे तिघे कच्चे, म्हणजे ज्यांचा निकालच लागलेला नाही असे. ठाण्याची क्षमता 1,105 आहे, आणि तिथे चार हजारांहून अधिक माणसे असल्याच्या बातम्या पुन्हा पुन्हा आल्या. एल्गार परिषद प्रकरणात तळोज्यात ठेवलेले आणि तिथून रुग्णालयात नेलेले फादर स्टॅन स्वामी 5 जुलै 2021 ला गेले. वय 84, कंपवात. हातात पेला धरता येत नाही म्हणून नळीचा पेला मागावा लागलेला माणूस.

बेटेगाव, मान, सरावलीच्या चाळींत तारापूर एमआयडीसीचे कामगार राहतात. त्यांतला एखादा मारामारीत किंवा भंगारचोरीच्या संशयात सापडला, की जामीन मिळूनही तो सुटत नाही. न्यायालय स्थानिक जामीनदार मागते. जामीनदाराकडे रेशन कार्ड हवे, सातबारा किंवा घरपट्टीची पावती हवी, ऐपतीचा दाखला हवा. बिहारहून आलेल्या मुलाला असा माणूस कुठून मिळणार? स्थानिक आदिवासीचीही तीच अडचण. हातात वनपट्टा असला तरी तो विकता किंवा दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, म्हणून जामिनाच्या कामी त्याला वजन नाही.

भेटीला जायचे तर बेटेगावहून बोईसर, बोईसरहून गाडीने वसई रोड, तिथून फिरून ठाणे. आधार कार्ड दाखवून नाव लिहायचे, दुपारपर्यंत भिंतीबाहेर थांबायचे, मग जाळीपलीकडे काही मिनिटे. दहा जण एकदम बोलत असतात. निम्मे शब्द कळत नाहीत. रोजची मजुरी बुडते ती वेगळीच. म्हणून महिन्यातून एकदा जाणारी बाई पुढे तीन महिन्यांतून एकदा जाते. तारखेला आरोपीला कोर्टात आणायला पोलिसांची पार्टी मिळत नाही. व्हिडिओ कॉन्फरन्सवर चेहरा दिसतो, पुढची तारीख पडते.

कायदे या काळात बदलले, हे मान्य करायला हवे. 2023 मध्ये केंद्राने गरीब कैद्यांसाठी योजना आणली. कच्च्या कैद्याच्या जामिनाला 40 हजार, दंड भरायला 25 हजारांपर्यंत. 3 ऑक्टोबर 2024 ला मुंबईच्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांमधली जातीवर कामे वाटणारी कलमे रद्द केली आणि नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. त्याच वर्षी लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 479 ने ठरवले की याआधी कधीही दोषी न ठरलेला आरोपी कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत राहिला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडावे. फाशी आणि जन्मठेपेचे गुन्हे यातून वगळले आहेत, आणि एकाहून अधिक गुन्हे प्रलंबित असले तरी लाभ नाही.

नवे तुरुंग बांधणे हा सोपा उपाय वाटतो. पालघरच्या माणसाला घराजवळ ठेवता येईल असे कारागृह जिल्ह्यात हवेच, भेट आणि वकील दोन्ही आवाक्यात येतील एवढे जवळ. पण आत जाणाऱ्यांची संख्या तशीच राहिली, तर नवी बराकही जुन्यासारखीच भरेल. खुल्या तुरुंगांचा अनुभव महाराष्ट्राकडे आहे. आटपाडीजवळ औंध संस्थानाने स्वातंत्र्याआधीच स्वतंत्रपूर वसवून कैद्यांना कुटुंबासह शेती दिली. त्यावरून चित्रपट सुचला, तो गाजला, वसाहतीचा विचार मात्र फार पुढे नेला गेला नाही. पैठण, मोर्शी, येरवडा इथे खुले तुरुंग आहेत, पण ते शिक्षा झालेल्यांसाठी. ज्याचा गुन्हाच सिद्ध झालेला नाही, तो भिंतीआडच कोंबलेला.

कलम 479 मध्ये एक तरतूद फार मोलाची आहे. मुदत भरली की न्यायालयात लेखी अर्ज करायची जबाबदारी कैद्यावर नाही, कारागृह अधीक्षकावर टाकली आहे. ठाणे, कल्याण आणि तळोजा इथे पालघरचे किती न्यायबंदी आहेत, त्यांतल्या कितींची मुदत भरली, कितींसाठी अर्ज गेला आणि जामीन मिळूनही जामीनदाराअभावी किती जण आत आहेत, ही यादी दर महिन्याला तालुकावार कोळगावच्या मुख्यालयात लागली पाहिजे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलाने ती हातात घेऊन बोईसर, मनोर, कासा इथल्या घरांपर्यंत गेले पाहिजे, आणि ज्याला जामीनदार मिळत नाही त्याच्यासाठी वैयक्तिक बंधपत्राचा अर्ज त्याच आठवड्यात न्यायालयात दाखल झाला पाहिजे.